राष्ट्राध्यक्ष विल्सन आणि अमेरिकेतील सुधारणांचे पर्व

कुठे काही अन्याय दिसला की आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते असे : "सरकार याविरुद्ध कायदा का करत नाही?" मग कधीतरी कायदा होतो. वर्तमानपत्रांत बातमी येते, भाषणे होतात, आणि काम फत्ते झाले अशा समजुतीने आपण निर्धास्त होतो. चार वर्षांनी पाहावे तर गोष्ट जिथल्या तिथे. मग आपण उलट टोकाला जातो आणि म्हणतो, "छे, कायद्याने काही होत नाही हो!" या दोन टोकांच्या मध्ये खरे काय आहे, याचा नुसत्या तर्काने विचार करण्यापेक्षा इतिहासातले एखादे प्रकरण नीट उलगडून पाहिलेले बरे. अमेरिकेचे २८ वे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची १९१३ ते १९१६ ही चार वर्षे म्हणजे असे एक प्रकरण आहे. एवढ्या थोड्या काळात इतके मोठे कायदे एकामागून एक झाल्याची उदाहरणे त्या देशाच्या इतिहासात फार नाहीत. आणि त्यांतले कोणते टिकले, कोणते कोसळले, कोणाला त्यांचा लाभ झाला व कोण दाराबाहेर राहिले, हे सारे आज आपल्याला स्वच्छ दिसते.

विल्सन यांचे नाव आपल्या कानावर असते ते पहिल्या महायुद्धामुळे. १९१८ सालची त्यांची चौदा कलमे आणि त्यातून निघालेला राष्ट्रसंघ, एवढे शाळेच्या पुस्तकातून आपण शिकलेले असतो. पण युद्ध अमेरिकेच्या दारात येण्यापूर्वीचे विल्सन वेगळे आहेत. त्यांची ओळख आधी करून घेऊ.

हे गृहस्थ मूळचे प्राध्यापक. व्हर्जिनिया राज्यात १८५६ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. राज्यशास्त्राचा अभ्यास, त्याच विषयात डॉक्टरेट, मग प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन आणि १९०२ पासून त्याच विद्यापीठाचे अध्यक्षपद. राजकारणात ते शिरले वयाची पन्नाशी उलटल्यावर. १९११ मध्ये न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर झाले आणि दोनच वर्षांनी, ४ मार्च १९१३ रोजी, राष्ट्राध्यक्ष. आयुष्यभर राज्यकारभारावर पुस्तके लिहिणाऱ्या माणसाच्या हाती खुद्द राज्यकारभारच आला!

पण एकट्या माणसामुळे एवढे कायदे होत नाहीत. जमीन आधी नांगरलेली असावी लागते. ती कोणी नांगरली होती?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या देशाने उद्योगधंद्यांत प्रचंड झेप घेतली. रेल्वे, पोलाद, खनिज तेल, मांस, साखर, कापड, सगळीकडे मोठमोठे कारखाने उभे राहिले. कारखान्यांपाठोपाठ आला 'ट्रस्ट'. ट्रस्ट म्हणजे काय? बाजारात दुकाने दहा दिसावीत, पाट्या दहा दिसाव्यात, पण आतून मालक एकच असावा, असा प्रकार. एक दुकान महाग देते म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते, पण तिथेही भाव तोच. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी हे याचे गाजलेले उदाहरण. १८९० साली शर्मन कायदा नावाचा मक्तेदारीविरोधी कायदा झाला होता. पण त्याची भाषा इतकी मोघम होती की त्याचा अर्थ लावता लावता न्यायालयांची वीस वर्षे गेली.

दुसरीकडे कामगारांची स्थिती काय होती? २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. वरच्या मजल्यांवर शिवणकाम करणाऱ्या मुली होत्या. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या, पोटासाठी युरोपातून आलेल्या. भर रस्त्यात हजारो लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले. दक्षिणेकडच्या कापडगिरण्यांत दहा-बारा वर्षांची मुले साच्यांवर उभी असत. ल्यूइस हाइन नावाचा छायाचित्रकार १९०८ पासून गावोगाव फिरून त्यांची छायाचित्रे काढत होता, आणि ती छायाचित्रे पाहून लोक अस्वस्थ होत होते.

या अस्वस्थतेतून जी चळवळ उभी राहिली तिला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे प्रागतिक चळवळ म्हणतात. तीत वृत्तपत्रकार होते, वकील होते, धर्मोपदेशक होते, शहरांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन राहणाऱ्या शिकलेल्या स्त्रिया होत्या. थिओडोर रूझवेल्ट हे १९०१ ते १९०९ या काळात राष्ट्राध्यक्ष असताना या चळवळीला सरकारदरबारी पहिला आधार मिळाला. अन्न व औषधे यांच्या शुद्धतेचा कायदा आणि मांसाच्या तपासणीचा कायदा, हे दोन्ही १९०६ सालचे, त्यांच्याच कारकिर्दीतले.

१९१२ ची निवडणूक झाली ती या पार्श्वभूमीवर. रिपब्लिकन पक्ष फुटला. टॅफ्ट एका बाजूला आणि नवा पक्ष काढून उभे राहिलेले रूझवेल्ट दुसऱ्या बाजूला. समाजवादी पक्षाचे युजीन डेब्स हे चौथे उमेदवार. त्यांनाही नऊ लाखांवर मते पडली! या फुटीत डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्सन निवडून आले. लोकांची मते त्यांना सुमारे ४२ टक्केच होती, पण निर्वाचक मंडळातली ५३१ पैकी ४३५ मते त्यांच्या पदरात पडली.

रूझवेल्ट म्हणत, मोठ्या कंपन्या राहणारच, सरकारने त्यांच्यावर नजर ठेवावी म्हणजे झाले. विल्सन म्हणत, नजर कसली ठेवता? जो फार मोठा होतो तो नजर ठेवणाऱ्यालाच खिशात घालतो. बाजार असा मोकळा करा की नव्या, लहान माणसाला धंद्यात पाऊल टाकता येईल. हा विचार त्यांच्या मनात पक्का करणारे वकील होते लुई ब्रँडाइस. या कार्यक्रमाला विल्सन यांनी नाव दिले 'नवे स्वातंत्र्य'.

पहिला घाव पडला आयात जकातीवर. तुम्ही म्हणाल, जकातीत सुधारणा कसली? पण पाहा. परदेशी लोकरीच्या कापडावर चाळीस टक्के जकात बसली की देशी गिरणीवाला आपल्या कापडाचा भाव जवळजवळ तितकाच चढवतो. कारण स्पर्धा करायला कोणी उरतच नाही. म्हणजे सरकारच्या तिजोरीत जाते त्याहून कितीतरी जास्त रक्कम गिऱ्हाइकाच्या खिशातून गिरणीवाल्याच्या खिशात जाते. मक्तेदारीचे मूळ या भिंतीच्या आडोशाला आहे, असे विल्सन यांचे म्हणणे होते.

८ एप्रिल १९१३ रोजी ते स्वतः काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, भाषणाला उभे राहिले. यात नवल ते काय, असे वाटेल. पण १८०१ पासून तिथल्या अध्यक्षांचा रिवाज लेखी संदेश पाठवण्याचा होता. एकशे बारा वर्षांत कोणी राष्ट्राध्यक्ष असे समोर येऊन बोलले नव्हते. विधेयक प्रतिनिधिगृहात पार पडले आणि सिनेटमध्ये अडकले. साखरवाले, लोकरवाले, सगळ्यांचे मध्यस्थ वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले. विल्सन यांनी मे महिन्यात जाहीर निवेदन काढून त्यांची वाच्यता केली. परिणाम असा झाला की सिनेटने चौकशी नेमली आणि कोणत्या धंद्यात आपला किती पैसा गुंतला आहे, हे सिनेटरांना उघड सांगावे लागले. मग विरोधाची धार बोथट झाली. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी कायद्यावर सही झाली. जकातीची सरासरी सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे २७ टक्क्यांवर आली.

जकात कमी केली म्हणजे तिजोरीत खड्डा पडणार. तो भरायचा कशाने? याच कायद्यात उत्तर होते : प्राप्तिकर. १८९४ साली असाच कर बसवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये घटनाबाह्य ठरवला. मग सुधारणावाद्यांनी घटनेतच दुरुस्ती करण्याचा लांबचा रस्ता धरला. ती सोळावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली होती. नव्या करात एकट्या माणसाला तीन हजार डॉलर आणि विवाहित जोडप्याला चार हजार डॉलर इतकी मिळकत माफ होती. त्यापुढे एक टक्का. वीस हजारांच्या वर चढता अधिभार. पाच लाखांच्या वर मिळकत असेल तर एकूण सात टक्के. आज हे दर पाहून हसू येईल. पण कारखान्यातल्या कामगाराची वर्षाची कमाई तेव्हा हजार डॉलरच्याही खाली होती, हे ध्यानात घ्या, म्हणजे हा कर कोणाला लागला ते कळेल. आतापर्यंत सरकारचा खर्च मुख्यतः गरिबाच्या साखरेतून, कापडातून निघत होता. 'ज्याला झेपेल त्याने अधिक द्यावे' हे तत्त्व त्या देशाच्या करपद्धतीत आता पक्के रुजले.

दुसरा घाव पैशाच्या मक्तेदारीवर. अमेरिकेत तेव्हा मध्यवर्ती बँकच नव्हती. हजारो लहान बँका, आणि त्यांची शिल्लक न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांत ठेवलेली. सुगीच्या दिवसांत शेतमालाच्या खरेदीसाठी गावोगावच्या बँका आपली शिल्लक एकदम परत मागत. न्यूयॉर्कमध्ये पैशाची चणचण पडे. नोटा वाढवाव्यात म्हटले तर त्या सरकारी रोख्यांना जखडलेल्या. गरज वाढली म्हणून नोटा वाढत नसत. एखादी बँक बुडाल्याची अफवा उठली की खातेदारांच्या रांगा लागत आणि धडधाकट बँकाही आडव्या होत. १९०७ साली हेच घडले. तेव्हा देश वाचवला कोणी? जे. पी. मॉर्गन या धनिकाने. त्यांनी बँकवाल्यांना आपल्या खासगी ग्रंथालयात बोलावले, रात्रभर बसवले आणि पैसा गोळा करवला. लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला खरा, पण विचारी माणसांच्या मनात प्रश्न आला : एका सावकाराच्या मर्जीवर देश तरावा, हे काय राज्य झाले?

नवी बँक काढावी यावर सर्वांचे एकमत होते. वाद होता तो तिची सूत्रे कोणाच्या हाती असावीत याचा. बँकवाल्यांचे म्हणणे, आमच्या. विल्सन यांनी ते मानले नाही. मंडळावर बँकवाल्यांना आपले प्रतिनिधी बसवण्याचा हक्क नाही, सभासद राष्ट्राध्यक्षाने नेमावेत, असे त्यांनी ठरवले. २३ डिसेंबर १९१३ रोजी फेडरल रिझर्व्ह कायदा झाला. देशाचे बारा विभाग, प्रत्येकात एक रिझर्व्ह बँक, तीत त्या भागातल्या सभासद बँकांचे भांडवल, आणि सर्वांवर वॉशिंग्टनमधले सरकारी मंडळ. एकट्या न्यूयॉर्कच्या मुठीत सत्ता जाऊ नये म्हणून ही विभागणी. ती बारा बँकांची रचना आजही चालू आहे. आपली रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली, म्हणजे अमेरिकेनंतर एकवीस-बावीस वर्षांनी.

तिसरा घाव ट्रस्टवर. १९१४ च्या सप्टेंबरात फेडरल ट्रेड कमिशन हे पाच सभासदांचे मंडळ स्थापन झाले. गैरवाजवी स्पर्धेची चौकशी करणे आणि ती थांबवण्याचा हुकूम काढणे हे त्याचे काम. ऑक्टोबरात क्लेटन कायदा आला. शर्मन कायद्याची मोघम भाषा टाकून त्यात ठरावीक गोष्टींना नाव घेऊन मनाई केली. स्पर्धा मारण्यासाठी एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा भाव लावणे, 'माझा हा माल हवा तर प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवायचा नाही' अशी अट घालणे, प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर एकाच माणसाने बसणे, या सर्वांवर बंदी आली. माणसाचे श्रम ही बाजारातली वस्तू नव्हे, असेही त्या कायद्यात लिहिले होते. कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांना त्यात कामगारांच्या हक्काची सनद दिसली. पण न्यायालयांनी त्या कलमाचा अर्थ इतका आखडता घेतला की १९२१ च्या एका निकालानंतर त्या सनदेत फारसा जीव राहिला नाही.

१९१६ साली पुन्हा निवडणूक आली आणि सुधारणांचा दुसरा भर आला. जुलैमध्ये शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या बारा भू-बँकांचा कायदा झाला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर तीन कायदे : बालमजुरीला आळा, आंतरराज्य रेल्वेच्या गाड्यांवरील कामगारांना आठ तासांचा दिवस, आणि केंद्र सरकारच्या नोकरांना कामावरील अपघाताबद्दल भरपाई. त्याच वर्षी ब्रँडाइस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली. त्या न्यायालयात बसणारे ते पहिले ज्यू. सिनेटमध्ये त्यांच्याविरुद्ध चार महिने काहूर माजले होते, पण विल्सन मागे हटले नाहीत.

यांपैकी बालमजुरीच्या कायद्याची हकीगत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. राज्यांच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये, म्हणून विल्सन यांचा आधी अशा कायद्याला विरोध होता. १९१६ च्या जुलैत मात्र ते स्वतः कॅपिटॉलमध्ये गेले आणि सिनेटरांना विधेयक मंजूर करा म्हणून सांगून आले. कायद्याची युक्ती अशी होती : ज्या कारखान्यात चौदा वर्षांखालची मुले कामाला असतील, किंवा चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला आठ तासांहून जास्त अथवा रात्री काम करवले जाईल, त्याचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवता येणार नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये अंमल सुरू झाला. आणि ३ जून १९१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. व्यापारावर केंद्राचा अधिकार आहे, उत्पादनावर नाही, हे कारण. खटला उभा राहिला होता तो नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गिरणी कामगाराच्या नावाने. माझ्या मुलांना काम करू द्या, अशी त्याची मागणी! गरिबी माणसाला कोणत्या बाजूला उभे करते पाहा.

कायदा उणेपुरे नऊ महिने चालला. मग करामार्फत तीच बंदी आणण्याचा प्रयत्न झाला, तोही न्यायालयाने १९२२ मध्ये मोडला. १९२४ साली घटनादुरुस्ती सुचवली गेली, तिला पुरेशा राज्यांची संमती कधीच मिळाली नाही. शेवटी १९३८ चा श्रमविषयक कायदा आला आणि १९४१ मध्ये न्यायालयाने आपलाच जुना निकाल फिरवला. १९१६ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो तेव्हा पस्तीस वर्षांचा झाला होता.

आता प्राप्तिकर आणि बालमजुरी हे दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींच्या वाटेत न्यायालयाचा तोच अडसर. पहिल्याच्या बाबतीत आधी घटना बदलली, मग कायदा केला. दुसऱ्याच्या बाबतीत आडवाटेने जावे लागले आणि वाट अडली. रिझर्व्ह बँकांमागे रोज उठून काम करणारी कचेरी होती, म्हणून त्या चुकत-माकत का होईना, टिकल्या. १९२९ नंतरच्या मंदीत त्या चुकल्याही, हजारो बँका बुडाल्या, आणि १९३५ साली त्यांची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. पण दुरुस्त करायला काहीतरी शिल्लक होते! नुसत्या चांगल्या हेतूने केलेला कायदा आणि पाया, कचेरी व माणसे यांसह केलेला कायदा यांत हा फरक आहे.

एवढ्यावर हे व्याख्यान संपवले असते तर विल्सन यांचे चित्र बऱ्यापैकी उजळ राहिले असते. पण ते अर्धेच चित्र झाले असते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारात १८८३ पासून परीक्षेने भरती होत असे. परीक्षेचा कागद रंग विचारत नाही. त्यामुळे गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुला-नातवंडांना टपाल खात्यात, अर्थखात्यात कारकुनाच्या जागा मिळाल्या होत्या. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांचा एक शिकलेला मध्यमवर्ग त्यातून तयार झाला होता. १९१२ च्या निवडणुकीत विल्सन यांनी आपल्याला न्यायाने वागवण्याचे आश्वासन दिले, म्हणून त्यांच्यातल्या काही पुढाऱ्यांनी जुना पक्ष सोडून विल्सन यांना पाठिंबा दिला. त्यांत विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते, बोस्टनच्या 'गार्डियन' पत्राचे संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर होते.

१९१३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात विल्सन काँग्रेसपुढे जकातीवर बोलले त्याच महिन्यात, त्यांच्या मंत्रिमंडळात टपालमंत्र्यांनी सूचना मांडली की गोऱ्या आणि काळ्या नोकरांना वेगळे बसवावे. विल्सन यांनी आडकाठी केली नाही. टपाल आणि अर्थ या खात्यांत वेगळी मेजे आली, मध्ये पडदे आले, जेवणाच्या खोल्या वेगळ्या, शौचालये वेगळी. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम केलेली माणसे एका सकाळी पडद्याच्या दोन बाजूंना बसली. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला छायाचित्र लावण्याची सक्ती झाली. ज्या परीक्षेचा कागद रंग विचारत नव्हता, त्या कागदाला आता चेहरा चिकटवावा लागला.

नोव्हेंबर १९१४ मध्ये ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि त्यांनी आश्वासनाची आठवण करून दिली. विल्सन यांचे उत्तर असे की हे अपमानासाठी नाही, दोन्ही बाजूंचा खटका टळावा म्हणून आहे, तुमच्याच हिताचे आहे. ट्रॉटर यांनी ते मानले नाही आणि तसे तोंडावर सांगितले. विल्सन रागावले. पुन्हा याल तेव्हा दुसरा बोलणारा आणा, असे त्यांनी सांगितले, आणि भेट संपली.

"तुमच्याच हिताचे आहे." हे वाक्य आपल्या कानांना अगदीच अनोळखी आहे का? वेगळा पाणवठा, वेगळी पंगत, वेगळी वस्ती, यांच्या समर्थनासाठी हेच वाक्य आपल्याकडेही वापरले गेले आहे. म्हणून या जागी आपल्याकडचा एक धागा सांगितला पाहिजे. १९१३ च्या जुलै महिन्यात, वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत हे सारे सुरू असताना, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. १९१६ पर्यंत, म्हणजे विल्सन यांच्या सुधारणांची बहुतेक सगळी वर्षे, ते तिथे शिकत होते. त्यांचे एक गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन. प्राप्तिकराचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांत सेलिग्मन अग्रगण्य होते. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आंबेडकरांनी जो ग्रंथ लिहिला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. कराचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न त्या काळच्या अमेरिकेत ऐन ऐरणीवर होता आणि आंबेडकर त्याच प्रश्नाच्या जाणकारापाशी शिकत होते.

आता स्त्रियांचा प्रश्न. मताधिकार हा राज्यांचा विषय आहे, असे विल्सन आधी म्हणत. १९१७ च्या जानेवारीपासून स्त्रिया त्यांच्या निवासाच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येकींना तुरुंगात टाकले गेले. १९१८ मध्ये मात्र विल्सन यांचे मत बदलले, त्यांनी सिनेटमध्ये जाऊन स्त्रियांची बाजू मांडली, आणि १९२० साली एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली. म्हणजे माणूस बदलू शकत होता. ज्यांना थोपवून धरता आले नाही, त्यांच्यासाठी ते बदलले. ट्रॉटर यांच्या लोकांसाठी बदलले नाहीत. दक्षिणेत त्यांना मतेच टाकू दिली जात नव्हती, आणि विल्सन यांच्या पक्षाची मुख्य ताकद त्याच दक्षिणेत होती.

अमेरिका युद्धात उतरली १९१७ च्या एप्रिलमध्ये. मग सुधारणांचा जोर ओसरला. 'नवे स्वातंत्र्य' म्हणणाऱ्या सरकारने युद्धाविरुद्ध बोलणे गुन्हा ठरवले. १९१२ चे उमेदवार डेब्स यांना एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली आणि तेव्हाही नऊ लाखांवर मते मिळवली. पुढचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ मध्ये त्यांना मुक्त केले.

मग विल्सन यांना म्हणावे काय? सुधारक की वर्णभेदी? विद्यार्थी मला हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना एका शब्दाचे उत्तर हवे असते. तसे उत्तर नाही. ज्या हातांनी श्रीमंतावर कर बसवला आणि बँकवाल्यांना दूर ठेवले, त्याच हातांनी कारकुनाच्या मेजापुढे पडदा लावू दिला. दोन्ही खरे आहे. त्यांच्याच प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२० साली आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयाला असलेले विल्सन यांचे नाव काढून टाकले. फेडरल रिझर्व्ह आणि ट्रेड कमिशन मात्र आपापल्या कामावर आहेत.

आपल्याला यातून घ्यायचे ते इतकेच की सुधारणेचा हिशेब दोन वह्यांत ठेवावा लागतो. एका वहीत काय मिळाले ते, दुसऱ्या वहीत कोणाला मिळाले ते. विल्सन 'लोक' हा शब्द भाषणात वारंवार वापरत. त्या शब्दात कोण बसते, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकले होते. पहिल्याच दिवशी तो प्रश्न जोरात विचारला गेला असता, तर पुढची पन्नास वर्षे काही लोकांना वाट पाहावी लागली नसती.

१९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना एक पत्र पाठवले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपली कैफियत संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडत आहेत असे त्यांच्या वाचनात आले होते. त्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली, आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती व तुमची स्थिती यांत पुष्कळ साम्य आहे असे कळवले. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर पाठवले. एकाने १९१२ साली विल्सन यांच्यावर विश्वास टाकला होता, दुसरा विल्सन यांच्या काळात न्यूयॉर्कमध्ये कर आणि अर्थव्यवस्था शिकत होता. तेहतीस वर्षांनंतर दोघांच्या पत्रांतला विषय एकच होता : सुधारणा झाल्या, आमच्यापर्यंत केव्हा पोहोचणार?

पुढच्या वेळी एखादा नवा कायदा झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आनंद जरूर माना. पण त्याबरोबर तो चालवणारी कचेरी कुठे आहे आणि तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे, एवढे विचारायला विसरू नका.